खाडीपलीकडचा रस्ता कोणाला विचारायचा?

भाईंदरहून विरारकडे जाणारी लोकल सुटली की काही मिनिटांत नायगाव येतं. मधे वसईची खाडी, खाडीत पाणजू बेट आणि पुलावर फक्त रूळ. हेच नायगाव सायकलने गाठायचं तर आधी आत काशीमिऱ्याला यायचं, फाउंटन हॉटेलच्या चौकातून वरसाव्याचा पूल ओलांडायचा, अहमदाबाद महामार्गावर ट्रकांच्या सोबतीने बापाण्यापर्यंत जायचं आणि तिथून पश्चिमेला वळायचं. समोर दिसणाऱ्या गावासाठी वीसेक किलोमीटरचा वळसा. वसईच्या किल्ल्यापर्यंत जायचं असेल तर आकडा तीस-पस्तीसवर जातो. फेब्रुवारी २०२४मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली आणि त्या तीस-पस्तीस किलोमीटरच्या जागी साडेतीनेक किलोमीटरचं पाणी आलं. सायकल बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरायचं.

आता हाच प्रश्न संगणकावरच्या किंवा फोनवरच्या मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरला विचारला तर उत्तर काय येईल? एखादं महामार्गाने पाठवेल, एखादं बोटीने. बोटीने पाठवणाऱ्याला शेवटची बोट किती वाजता सुटते हे ठाऊक असेलच असं नाही. महामार्गाने पाठवणाऱ्याला त्या रस्त्याच्या कडेला सायकलला जागा किती उरते याची कल्पना नसेल. सायकलच्या हँडलवर जीपीएस लावणारे नवखे लोक बहुतेकदा यंत्राच्या किमतीवर, पडद्याच्या आकारावर आणि बॅटरीवर महिनाभर चर्चा करतात. मार्ग कशात आखायचा हा प्रश्न मात्र ‘बघू, काहीतरी फुकटचं असेलच’ म्हणून उडवून लावतात. खरं तर यंत्र दुय्यम आहे. ते दिलेली रेघ दाखवतं. रेघ चुकली तर महागडं यंत्र तीच चूक अधिक सुबक रंगांत दाखवेल, एवढंच.

मीरा-भाईंदर या बाबतीत मोठं कसोटीचं शहर आहे. उत्तरेला खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, मधे मिठागरं आणि खारफुटी. सपाट, चौकोनी गल्ल्यांच्या शहरात कोणतंही सॉफ्टवेअर हुशार वाटतं. इथे ते उघडं पडतं.

कारण सॉफ्टवेअरला स्वतःचं असं काही माहीत नसतं. ते कोणाच्या तरी माहितीवर चालतं, आणि ती माहिती कोणी, कशासाठी गोळा केली यावर उत्तर ठरतं. ढोबळमानाने तीन प्रकारचे माहीतगार आहेत: गाडी चालवणारे, नकाशा काढणारे आणि सायकल चालवणारे.

पहिला प्रकार सगळ्यांच्या खिशात आहे. गूगल मॅप्स रस्त्यावरच्या लाखो फोनांच्या वेगावरून वाहतुकीचा अंदाज बांधतं. भारतासाठी त्याने डिसेंबर २०१७मध्ये दुचाकीचा वेगळा पर्याय आणला. तो मोटरसायकल आणि स्कूटरसाठी आहे. सायकलवाले तो वापरतात आणि त्याचा एक फायदा त्यांना नक्की मिळतो: वांद्रे-वरळी सी लिंक, अटल सेतू, कोस्टल रोड, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे अशा दुचाकींना बंदी असलेल्या रस्त्यांवर तो सहसा नेत नाही. पण स्कूटरचा सोयीचा रस्ता आणि सायकलचा सोयीचा रस्ता यांत फरक आहे. ताशी पन्नासने जाणाऱ्या स्कूटरला दोन मिनिटं वाचवून देणारा उड्डाणपूल ताशी अठराने चढणाऱ्या सायकलला नको असतो. तिला पुलाखालचा रस्ता बरा. घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख घाट गाडीवाल्याला वाहतूक कोंडीमुळे नकोसा होतो. सायकलवाल्याला तिथे कोंडीपेक्षा मोकळ्या रस्त्यावर सुसाट उतरणाऱ्या कंटेनरची भीती जास्त. गाड्यांच्या वेगावरून शिकलेल्या नकाशाला ही भीती दिसत नाही.

दुकानं, पत्ते, सोसायट्यांची नावं शोधायला मात्र गूगलसारखं दुसरं साधन नाही. मॅपमायइंडिया ही १९९५पासून नकाशे करणारी भारतीय कंपनी आणि तिचं मॅपल्स हे अॅप हाही पर्याय आहे. इस्रोबरोबर तिने फेब्रुवारी २०२१मध्ये करार केला तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. भर तिथेही मुख्यतः वाहनचालकावर आणि पत्त्यावर.

दुसरा माहीतगार म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४मध्ये स्टीव्ह कोस्ट या इंग्रज तरुणाने हा उपक्रम सुरू केला. विकिपीडियावर कोणीही लेख दुरुस्त करू शकतो तसा इथे कोणीही खातं उघडून नकाशा दुरुस्त करू शकतो: रस्ता काढायचा, त्याचं नाव लिहायचं, तो डांबरी आहे की मातीचा, सायकलला परवानगी आहे की नाही, हे सांगायचं. नावं मराठीत लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. सायकलसाठी बनवलेली बहुतेक सॉफ्टवेअरं याच नकाशावर उभी आहेत. कोमूट, स्ट्राव्हा, राइड विथ जीपीएसचं सायकल-मार्गनियोजन, वाहूच्या यंत्रांतले नकाशे, गार्मिनचा सायकल-नकाशा, ऑर्गॅनिक मॅप्स, ऑस्मअँड आणि बीराउटर ही सगळी एकाच पिठाच्या भाकऱ्या आहेत. त्यामुळे ‘याचा नकाशा चांगला की त्याचा’ या वादात फारसा अर्थ नसतो. पीठ कुठलं आहे ते कळलं की थापणाऱ्याच्या हाताबद्दल बोलता येतं.

भारतात हे पीठ उशिरा दळलं गेलं, यालाही इतिहास आहे. १७६७मध्ये स्थापन झालेल्या सर्व्हे ऑफ इंडियाकडे उत्तम टोपोशीट होत्या, पण किनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्याचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणाने सामान्य माणसाला सहजी मिळत नसत. म्हणजे वसई, उत्तन, अलिबाग, सगळं त्यातच. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठी वेगळी नकाशामालिका काढायची वाट मोकळी केली आणि १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्तींना आणि कंपन्यांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करायला मुभा दिली. युरोपातल्या काही देशांत सरकारी आकडे थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ओतले गेले. आपल्याकडे बहुतेक रेषा स्वयंसेवकांनी आणि काही कंपन्यांच्या पगारी चमूंनी उपग्रहाच्या छायाचित्रावर हाताने काढल्या. मुख्य रस्ते त्यामुळे चांगले आहेत. रस्त्याचा पृष्ठभाग, गतिरोधक, फाटक रात्री बंद असतं की नाही, हे बारीक तपशील विरळ. जर्मनीत बसलेल्या माणसाने कोमूटची स्तुती केली तर ती खरी असते, पण ती त्याच्या गावच्या नकाशाची स्तुती असते.

छायाचित्रावरून रेघ काढण्यात एक गोम आहे आणि भाईंदरच्या मिठागरांत ती चटकन सापडते. मिठागरांचे बांध वरून पाहिले की सरळ, कोरड्या, पांढुरक्या पायवाटांसारखे दिसतात. दूर बसलेल्या कोणी त्यांना ‘कच्चा रस्ता’ म्हणून नोंदवलं की सॉफ्टवेअर खुशाल सायकल तिकडे वळवू शकतं. प्रत्यक्षात बांध म्हणजे दोन वाफ्यांमधली चिखलाची धार. भरतीला आणि पावसाळ्यात ती ओली, निसरडी; आणि मिठागर ही कोणाच्या तरी कामाची जागा, रहदारीची नाही. भाईंदरमध्ये वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण मार्ग आखणारा पुण्याहून आलेला पाहुणा असू शकतो.

जंगलाचंही तसंच. काशीमिऱ्याहून ठाण्याला जायचं तर नकाशावर मधे राष्ट्रीय उद्यानाचा हिरवा डाग आहे, शंभर चौरस किलोमीटरहून थोडा मोठा. त्यात पायवाटा आहेत आणि त्या ओपनस्ट्रीटमॅपवर काढलेल्याही असू शकतात, कारण नकाशाचं काम जे आहे ते दाखवायचं. पण बोरिवलीच्या दरवाजातून कान्हेरीपर्यंत रीतसर तिकीट काढून सायकल चालवणं वेगळं आणि कान्हेरीच्या पलीकडून येऊरला उतरणं वेगळं. दुसऱ्याला परवानगी नाही आणि बिबट्यांना ते ठाऊक नाही. त्या पायवाटेवर ‘प्रवेश प्रतिबंधित’ ही खूण कोणी नोंदवलेली असली तरच सॉफ्टवेअर तिला टाळेल. म्हणून मुंबईकडचे सायकलस्वार उद्यान ओलांडत नाहीत. त्याला फेरी मारतात. घोडबंदर, माजिवडा, मुलुंड, पवई, जोगेश्वरी, दहिसर आणि परत काशीमिरा: साठेक किलोमीटरची ही फेरी पहाटे चारला सुरू केली तर सुखाची, आठला सुरू केली तर धुराची.

सॉफ्टवेअर रस्ता निवडतं कसं, हे एकदा समजून घेतलं की त्याच्यावर रागावणं कमी होतं. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाला १९५६मध्ये अॅम्स्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी घेताना वीस मिनिटांत एक रीत सुचली, असं त्यानेच पुढे सांगितलं. चौक म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे बिंदूंना जोडणाऱ्या रेषा आणि प्रत्येक रेषेला एक ‘खर्च’. सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळ्यात कमी खर्चाची साखळी शोधायची. आजची मार्गनियोजनाची सॉफ्टवेअरं याच रीतीच्या सुधारलेल्या आवृत्त्या वापरतात. सारी मेख त्या खर्चात आहे. महामार्गाचा एक किलोमीटर आणि गावातल्या रस्त्याचा एक किलोमीटर यांना सारखीच किंमत दिली तर सॉफ्टवेअर महामार्ग निवडेल, कारण तो सरळ असतो. महामार्गाला तिप्पट किंमत लावली तर तेच सॉफ्टवेअर मुर्धा, राई, मोर्वा अशा गावांतून फिरवून आणेल.

ही किंमत स्वतः ठरवू देणारं सॉफ्टवेअर म्हणजे बीराउटर. ते खुलं आणि फुकट आहे, अँड्रॉइड फोनवर इंटरनेटशिवाय चालतं आणि ब्राउझरमध्येही उघडतं. रेसिंग सायकलसाठी वेगळी नियमावली, सामान लादलेल्या सायकलसाठी वेगळी. हवं तर नियमांचे आकडेही बदलता येतात. ते दिसायला रूक्ष आहे आणि पहिल्या भेटीत कोणालाच आवडत नाही. पण त्याच दोन ठिकाणांमधला मार्ग चार नियमावल्यांनी काढून पाहिला की शहराचं अंतरंग कळतं: कुठे दुसरा रस्ताच नाही आणि कुठे आहे पण आपल्याला माहीत नव्हता. वरसाव्याच्या खाडीवर चारही रेषा एकाच पुलावर येऊन मिळतात. तिथे सॉफ्टवेअर बदलून काही साधत नाही. वेळ बदलावी लागते.

त्या पुलावरून आणखी एक गोष्ट निघते. बरेच नकाशे आणि बातम्या त्याला ‘वर्सोवा पूल’ म्हणतात. शोधाच्या चौकटीत वर्सोवा लिहिलं की अंधेरीचं वर्सोवा समोर येऊ शकतं, पंचवीसेक किलोमीटर दक्षिणेला. उत्तनजवळ चौक गावात धारावीचा किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९मध्ये, तो मराठ्यांनी घेतला. नुसतं ‘धारावी’ शोधलं तर सॉफ्टवेअर माहीमच्या खाडीशेजारी नेऊन सोडेल. उपाय सोपा आहे: नावाने शोधू नका, नकाशावर बोट ठेवून बिंदू द्या. हे ज्या सॉफ्टवेअरमध्ये सहज जमतं ते निम्मं जिंकलं.

तिसरा माहीतगार सायकलवाला स्वतः. स्ट्राव्हावर लोक आपापल्या राइड नोंदवतात आणि कंपनी त्या सार्वजनिक नोंदींचा एकत्र ‘हीटमॅप’ काढते. ज्या रस्त्यावर जास्त सायकली गेल्या तो जास्त उजळतो. मार्ग आखताना सॉफ्टवेअर या उजळ रेषांकडे कल ठेवू शकतं. कल्पना छान आहे आणि उत्तनच्या बाजूला ती उत्तम चालते. भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वामार्गे डोंगरी, उत्तन, पाली, पुढे गोराईचा पॅगोडा, मनोरी आणि मनोरीच्या फेरीने मार्वे हा या भागातला लाडका रस्ता. समुद्राचा वारा, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, चढ असून नसल्यासारखे. इथे आधी गेलेल्यांची रेघ पकडली की फारसं चुकत नाही. धावगीकडे जाणाऱ्या कचऱ्याच्या गाड्यांची वेळ मात्र हीटमॅप सांगत नाही; ती उत्तन नाक्यावर चहा पिताना कळते.

पण हीटमॅप ‘किती’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. अहमदाबाद महामार्ग त्यावर लखलखतो, याचं एक मोठं कारण ब्रेव्हे. ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या छत्राखाली होणाऱ्या या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात. मुंबईहून उत्तरेकडे जाणारी ब्रेव्हे म्हटली की फाउंटन, वरसावे, मनोर, चारोटी ही नावं ओघाने येतात. रात्री दोनला दिवे, रिफ्लेक्टरचं जाकीट आणि वर्षानुवर्षांचा सराव घेऊन जाणाऱ्या माणसांनी तो रस्ता उजळवला आहे. दहावीतल्या मुलाला शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीला घेऊन जाणाऱ्या बापाने त्या उजेडावर विसंबणं बरं नव्हे. शिवाय हीटमॅप मागच्या काळाबद्दल बोलतो. २०२४मध्ये या महामार्गाच्या काँक्रिटीकरणाचं काम चालू होतं, तेव्हाही जुन्या राइडची रेघ तितकीच उजळ होती.

या उजेडाची एक वेगळीच कहाणी जानेवारी २०१८मध्ये जगभर गाजली. स्ट्राव्हाच्या हीटमॅपवर वाळवंटात, एरवी अंधार असलेल्या भागात, छोटे उजळ चौकोन दिसत होते. ते होते परदेशातल्या लष्करी तळांवर धावणारे सैनिक. बोध साधा: राइड रोज स्वतःच्या बिल्डिंगच्या फाटकापासून नोंदवत असाल तर सुरुवात आणि शेवट लपवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती वापरावी. महागडी सायकल कुठे उभी असते हे सगळ्यांना सांगायची गरज नाही.

चढाचे आकडे हा सायकलवाल्यांचा आवडता विषय, आणि सॉफ्टवेअरांचं सर्वांत जास्त खोटं इथेच बाहेर पडतं. एकाच मार्गाला एक सॉफ्टवेअर १८० मीटर चढ दाखवतं, दुसरं ३१०. दोघांचाही हेतू वाईट नसतो. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या माहितीचा मोठा भाग फेब्रुवारी २०००मधल्या एका अवकाश मोहिमेतून आला. एन्डेव्हर यानाने अकरा दिवस रडारने पृथ्वी मोजली आणि साधारण तीस मीटरच्या चौकोनांत उंची मिळाली. रडारला जमिनीवरची झाडं आणि इमारतीही जमिनीसारख्याच लागतात. त्यामुळे मीरा रोडच्या सपाट रस्त्यावर दर काहीशे मीटरला दोन-तीन मीटरचे खोटे चढउतार मिळतात आणि बेरीज फुगते. पूल असेल तर सॉफ्टवेअर सायकल पाण्यापर्यंत उतरवून पुन्हा वर आणतं. बोगदा असेल तर डोंगर चढवतं. कोणतं सॉफ्टवेअर ही खडबड किती घासून काढतं यावर त्याचा आकडा ठरतो. हवेच्या दाबावरून उंची मोजणारं यंत्र सायकलवर असेल तर प्रत्यक्ष राइडनंतरचा आकडा जास्त भरवशाचा. किनारपट्टीवर मार्ग आखताना एकूण चढ बघूच नये, चढाचा आलेख बघावा. घाट असेल तर तो दिसतोच.

एवढं सगळं करून आखलेली रेघ यंत्रात जाताना घोळ होतो, आणि हा घोळ टाळता आला तर निम्म्या तक्रारी संपतात. बहुतेक सॉफ्टवेअरं मार्ग जीपीएक्स नावाच्या फाइलमध्ये देतात. हा नमुना २००२पासून चालत आलेला आणि जवळपास सगळ्यांना समजणारा आहे. त्यात मार्ग दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत फक्त मोजके थांबे असतात (भाईंदर, काशीमिरा, गायमुख, माजिवडा) आणि मधला रस्ता यंत्राने आपल्या नकाशावरून स्वतः शोधायचा असतो. याला ‘रूट’ म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत रेघेवरचे शेकडो-हजारो बिंदू एकापाठोपाठ दिलेले असतात. यंत्राला डोकं चालवायला जागाच नाही. हा ‘ट्रॅक’. संगणकावर तासभर खपून मार्ग आखायचा आणि तो रूट म्हणून पाठवायचा, तर यंत्र आपल्या खर्चाच्या हिशेबाने तो पुन्हा आखतं आणि पुलाखालचा रस्ता हवा असलेल्या माणसाला पुलावर चढवतं. म्हणून ट्रॅक पाठवावा आणि यंत्रातली ‘रस्ता चुकल्यास नवा मार्ग काढा’ ही सोय बंद ठेवावी. यंत्र तेव्हा फक्त ‘रेघ सोडलीत’ म्हणून ओरडतं. गार्मिनच्या टीसीएक्स आणि फिट या फाइलींत वळणांच्या सूचनाही सोबत जातात. यंत्र त्या वाचत असेल तर त्याच घ्याव्यात.

रेघ आखतानाची एक काळजी इथल्या रस्त्यांसाठी खास. मीरा-भाईंदर रोडवर मेट्रो ९च्या खांबांबरोबर उड्डाणपूल आले, आणि जीपीएसला माणूस पुलावर आहे की पुलाखाली हे कळत नाही. दुभाजक असलेल्या महामार्गावर रेघ चुकून उलट दिशेच्या बाजूवर ओढली गेली, तर यंत्र पुढचे दहा किलोमीटर बोंबलत राहतं. नकाशा पुरेसा मोठा करून रेघ डाव्या बाजूवर आहे ना, हे घरीच पाहावं. उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि यंत्र माणसाला शेजारच्या रस्त्यावर दाखवतं. दोन फ्रिक्वेन्सी वापरणारी नवी यंत्रं या बाबतीत बरीच सुधारली आहेत. तरीही मीरा रोडच्या आतल्या गल्ल्यांत दर वळणावर सूचना घेण्यापेक्षा पाटी वाचणं सोपं.

परदेशातल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवणाऱ्यांनी एक विचारून घ्यावं: आत भारताचा नकाशा आहे का? युरोपात विकलेल्या काही यंत्रांत युरोपचाच नकाशा भरलेला असतो. नव्या मॉडेलांत दुसऱ्या प्रदेशाचे नकाशे उतरवता येतात. जुन्या गार्मिनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेली नकाशा-फाइल भरता येते. बीबीबाइकसारख्या ठिकाणी पालघरपासून अलिबागपर्यंतचा चौकोन निवडला की ती फुकट मिळते आणि केबलने यंत्रातल्या ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली की काम होतं. ब्रायटन, आयजीपीस्पोर्ट यांच्या स्वस्त यंत्रांपैकी काहींत नकाशाच नसतो. कोऱ्या पडद्यावर नुसती रेघ. ओळखीच्या भागात ते पुरतं. वज्रेश्वरीच्या पुढे, जिथे फाटे फुटतात, तिथे मागे नकाशा असलेला बरा.

मग घ्यावं कोणतं? पैशांचा हिशेब आधी. स्ट्राव्हाने मे २०२०मध्ये मार्ग आखण्याची सोय वर्गणीदारांपुरती केली. कोमूट ही २०१०मध्ये जर्मनीत सुरू झालेली कंपनी मार्च २०२५मध्ये बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने विकत घेतली, आणि तिथेही फुकटात काय मिळतं याचे नियम बदलत राहिले आहेत. गार्मिनचं संगणकावरचं बेसकॅम्प एकेकाळी सगळ्यांचं आवडतं होतं. कंपनीने त्याकडे लक्ष देणं थांबवलं. सॉफ्टवेअरांचं असं होतच राहणार. म्हणून पहिली अट चकचकीत पडद्याची नको. आपला मार्ग जीपीएक्स फाइल म्हणून बाहेर काढून स्वतःच्या संगणकावर ठेवता येतो का, ही हवी. येत नसेल तर ते कितीही देखणं असो, सोडून द्यावं.

ही अट लावली तर मीरा-भाईंदरच्या साध्या सायकलस्वाराला दोन साधनं पुरेशी आहेत. एक, राइड विथ जीपीएससारखं, ज्यात रेघ हाताने ओढून हव्या त्या रस्त्यावर नेता येते, हवं तिथे रस्त्याला चिकटणं बंद करून सरळ रेघ मारता येते आणि उपग्रहाचं छायाचित्र खाली ठेवता येतं. त्याच्या फुकट खात्यात एवढं जमतं. दुसरं, फोनवर ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड, ज्यात महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असतो. गणेशपुरीच्या बाजूला नेटवर्क गेलं किंवा हँडलवरच्या यंत्राची बॅटरी संपली की तो कामाला येतो. बीराउटर हौशी माणसासाठी. स्ट्राव्हाची वर्गणी ज्याला बाकीच्या कारणांसाठी हवीच आहे त्याने हीटमॅपही वापरावा; केवळ मार्ग आखण्यासाठी ती घेणं हे या लेखकाच्या मते उधळपट्टीच. आणि घरी मार्ग आखून झाला की गूगलचं रस्त्यावरचं छायाचित्र एकदा पाहून घ्यावं, खास करून जिथे रेघ मुख्य रस्ता सोडून आत वळते तिथे.

रो-रोचा प्रश्न यातलं कुठलंही सॉफ्टवेअर पूर्ण सोडवत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर बोटीची रेघ असेल आणि सायकल नेता येते ही नोंद असेल, तर मार्ग पाण्यावरून जाईल. वेळापत्रक, भरती-ओहोटी, पावसाळ्यातले बदल हे धक्क्यावर किंवा फोनवरच विचारावे लागतात. अशा वेळी मार्गाचे दोन भाग करून दोन फाइली करणं चांगलं: घर ते भाईंदरचा धक्का, आणि वसईचा धक्का ते पुढे. बोट चुकली तर पहिल्या फाइलवरूनच परत फिरता येतं.

नकाशातली चूक दिसली तर काय करायचं, हेही सायकलवाल्याच्या हातात आहे. ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर ‘नोट’ टाकायची सोय आहे. त्या जागी खूण करून ‘हा मिठागराचा बांध आहे, रस्ता नाही’ एवढं लिहिलं तरी एखादा स्वयंसेवक ते तपासून दुरुस्त करतो. खातं उघडलं तर दुरुस्ती स्वतः करता येते, आणि गावाचं मराठी नावही भरता येतं. दुसऱ्याच्या नकाशावरून, म्हणजे गूगलवरून वगैरे, उतरवायचं नाही. स्वतः पाहिलेलं लिहायचं, हा तिथला कडक नियम. केलेली दुरुस्ती मूळ नकाशावर काही मिनिटांत दिसते, कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पोचायला काही आठवडे लागू शकतात, आणि हँडलवरच्या यंत्रात ती पुढचा नकाशा-अपडेट भरल्यावरच येते.